सोलापूर ते जळगाव हवेतून किती? अंतर आणि उड्डाणाचा वेळ घरबसल्या काढायची रीत

धाकटी बहीण जळगावला दिली आहे. सोलापुरातून विमानं उडायला लागल्यापासून दर रविवारी फोनवर तिचा एकच प्रश्न असतो. "दादा, आता तुमच्याकडं विमानतळ चालू झालंय की. मग रात्रभर रेल्वेत कशाला हाडं मोडून घेतोस?" पुढं ती पुरावाही देते. कुठल्याशा संकेतस्थळावर तिनं वाचलेलं असतं, 'सोलापूर ते जळगाव, विमानाने ४५ मिनिटे.'

नुसता भागाकार म्हणून त्या आकड्यात खोटं काही नाही. फक्त तसं विमान नाही. मी हे लिहितोय तेव्हा सोलापूर-जळगाव थेट सेवा नाही. संकेतस्थळावरचं यंत्र दोन ठिकाणांमधलं अंतर मोजतं, एका ठरावीक वेगानं भागतं आणि उत्तर छापून मोकळं होतं. विमान आहे की नाही, धावपट्टीवर काय उतरू शकतं, मध्ये कुठं बदलावं लागेल, याचा त्याला पत्ता नसतो. म्हणून हा हिशोब स्वतः करायची सवय लावून घेतली. वही, पेन्सिल आणि मोबाइलमधला गणकयंत्र एवढ्यावर दहा मिनिटांत होतो. कुठल्याही दोन छोट्या विमानतळांना ही रीत लागू पडते. मी सोलापूर-जळगाव घेतो, कारण ते माझं घरचं दुखणं आहे.

आधी विमानतळ कुठला ते पक्कं करा

ही पायरी लोक गाळतात आणि नंतर पस्तावतात. अंतर गावापासून गावापर्यंत नाही, धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंत मोजायचं. सोलापूरचा विमानतळ होटगी रस्त्यावर, शहराला लागूनच आहे. बोरामणीच्या नव्या विमानतळाची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे, पण विमानं उडतात ती होटगी रस्त्यावरूनच. जळगावचा विमानतळ अजिंठ्याच्या रस्त्याला कुसुंब्याजवळ आहे.

प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी संकेत असतो. सोलापूरचा एसएसई, जळगावचा जेएलजी, कोल्हापूरचा केएलएच. शोधताना गावाचं नाव न टाकता हा संकेत टाका, घोटाळा होत नाही. गोव्याच्या बाबतीत तर हे हमखास करा. तिथं दोन विमानतळ आहेत, दाबोळीचा जीओआय आणि मोपाचा जीओएक्स. सोलापूरचं विमान मोपाला जातं. मडगावला लग्न असेल आणि तुम्ही दाबोळी धरून टॅक्सी ठरवली असेल, तर वऱ्हाड एकीकडं आणि तुम्ही दुसरीकडं.

अक्षांश-रेखांश काढा

मोबाइलवरच्या नकाशात धावपट्टीच्या मधोमध बोट दाबून धरा. दोन दशांश आकडे येतात. सोलापूरचे साधारण १७.६२८ आणि ७५.९३५. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. दशांश चिन्हापुढच्या भागाला ६० नं गुणलं की अंशाचे साठावे भाग मिळतात. इंग्रजीत त्यांना मिनिट म्हणतात, आपल्या पंचांगात कला. मी कला हाच शब्द वापरतो, नाहीतर पुढं घड्याळाची मिनिटं आली की डोक्यात काला होतो.

०.६२८ गुणिले ६० म्हणजे ३८ कला. तर सोलापूर झालं १७ अंश ३८ कला उत्तर, ७५ अंश ५६ कला पूर्व. तसंच जळगाव २० अंश ५८ कला उत्तर, ७५ अंश ३८ कला पूर्व.

कलेचा एवढा सोस कशाला? कारण अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल. सागरी मैलाची कल्पनाच त्यावरून निघाली. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष अंतर बोलतात तेही याच मैलांत. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. रस्त्यावरचा जुना मैल १.६०९ किलोमीटरचा, तो वेगळा. या दोन मैलांची अदलाबदल झाली की उत्तर पंधरा टक्क्यांनी चुकतं.

आता वजाबाकी आणि शाळेतला पायथागोरस

उत्तर-दक्षिण फरक बघा. २० अंश ५८ कला वजा १७ अंश ३८ कला, म्हणजे ३ अंश २० कला. एकूण २०० कला. म्हणजे बरोबर २०० सागरी मैल. आकडा इतका गोल आला की मी पहिल्यांदा पुन्हा तपासून पाहिला होता.

पूर्व-पश्चिम फरक ७५ अंश ५६ कला वजा ७५ अंश ३८ कला, म्हणजे १८ कला. पण इथं थांबायचं. रेखांशाच्या रेषा विषुववृत्तापाशी एकमेकींपासून लांब असतात आणि ध्रुवाकडं जाताना जवळ जवळ येतात, संत्र्याच्या फोडींसारख्या. म्हणून रेखांशाच्या कलेला कात्री लावावी लागते. ती कात्री म्हणजे त्या अक्षांशाची कोसाइन किंमत. महाराष्ट्र साधारण १६ ते २२ अंशांत बसतो, त्यामुळं प्रत्येक वेळी कोष्टक उघडायची गरज नाही. ०.९५ एवढा आकडा पाठ करा. कोल्हापूरपासून नागपूरपर्यंत तो चालतो, चूक पडली तरी किरकोळ.

१८ गुणिले ०.९५ म्हणजे १७. आता काटकोन त्रिकोण. एक बाजू २००, दुसरी १७. वर्ग ४०,००० आणि २८९, बेरीज ४०,२८९, वर्गमूळ २००.७. याला १.८५२ नं गुणलं की ३७२ किलोमीटर.

पृथ्वी गोल असताना सपाट कागदावरचा पायथागोरस कसा चालतो, अशी शंका कुणी काढेल. पाच-सहाशे किलोमीटरपर्यंत चालतो. पृथ्वीचा गोलावा आणि ध्रुवांपाशी असलेला चपटेपणा धरला तरी या अंतरात एखाद-दोन किलोमीटरचा फरक पडतो. दिल्ली-लंडन काढायचं असेल तर हे सोडा आणि मोठ्या वर्तुळाचं सूत्र वापरा.

पडताळा घ्यायचा असेल तर संगणकावर नकाशा उघडून विमानतळावर उजवी कळ दाबा, अंतर मोजण्याचा पर्याय येतो. पण हातानं एकदा तरी करून बघा.

हाच हिशोब मुंबई आणि मोपाला लावला तर

सोलापूर-मुंबई. मुंबईचा विमानतळ १९ अंश ५ कला उत्तर, ७२ अंश ५२ कला पूर्व. उत्तरेचा फरक ८७, पूर्व-पश्चिम १८४ गुणिले ०.९५ म्हणजे १७५. उत्तर १९५ सागरी मैल, ३६१ किलोमीटर.

सोलापूर-मोपा. मोपा १५ अंश ४४ कला उत्तर, ७३ अंश ५२ कला पूर्व. फरक ११४ आणि ११८. उत्तर १६४ सागरी मैल, ३०४ किलोमीटर.

मुंबई-जळगाव काढलं तेव्हा मात्र मी वही खाली ठेवली. ३५९ किलोमीटर! म्हणजे सोलापूर-मुंबई ३६१, मुंबई-जळगाव ३५९ आणि सोलापूर-जळगाव ३७२. तिन्ही बाजू जवळजवळ सारख्या. नकाशावर मोठा समभुज त्रिकोण पडलाय आणि त्याच्या एका टोकाला मुंबई बसलीय. म्हणजे मुंबईमार्गे जळगावला जाणं म्हणजे सरळ अंतराच्या जवळपास दुप्पट, ७२० किलोमीटर उडणं. सोलापूरकराच्या मनात मुंबई लांब आणि जळगाव आपल्याच राज्यातलं, मधल्या अंगाचं गाव असतं. हवेतून जळगावच दहा किलोमीटर जास्त लांब आहे.

गोव्यामार्गे तर विचारूच नका. मोपा-जळगाव ६१० किलोमीटर. आधी ३०४ दक्षिणेला जायचं आणि मग ६१० उत्तरेला. नऊशेच्या वर झाले.

अंतरावरून वेळ

बहुतेक संकेतस्थळं इथंच फसवतात. ३७२ भागिले ५०० केलं की पाऊण तास येतो. आमच्या बहिणीचे ४५ मिनिटे ते हेच. पण विमान धावपट्टीवरून थेट ५०० च्या वेगानं निघत नाही आणि सरळ रेषेतही जात नाही.

मी असं करतो. सरळ अंतरात पाच ते दहा टक्के वाढ धरतो, कारण हवेतले मार्ग ठरलेले असतात आणि उतरताना वळसा घेऊन धावपट्टीच्या रेषेत यावं लागतं. ३७२ चे झाले ४००. मग विमान कुठलं ते बघतो. छोट्या विमानतळांवर बहुधा एटीआर ७२ येतं. दोन पंखे, सत्तरच्या आसपास आसनं, वरचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. ४०० किलोमीटरला ४८ मिनिटं. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्याचे ८ ते १० मिनिटं मिळवा. जमिनीवर सरपटत जाण्याचे दोन्हीकडचे मिळून १० मिनिटं. एकूण सव्वातासाच्या जरा आत.

तिकिटावर छापलेला वेळ याच शेवटच्या आकड्याच्या जवळचा असतो. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा. हवेतला वेळ आणि तिकिटावरचा वेळ हे दोन वेगळे आकडे आहेत, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी भांडणं मिटतात.

मोपाचं पडताळून बघा. ३०४ चे ३३०, त्याला ४० मिनिटं, वर ९, वर १२. तासाभराचं उड्डाण.

मुंबईचं गणित जरा गंमतीचं आहे. सोलापूर-मुंबई मार्गावर एम्ब्रेअर १७५ हे जेट चालतं. जेट वेगवान, ताशी आठशेपर्यंत जाणारं. मग अर्ध्या तासात पोचायला हवं ना? नाही. साडेतीनशे किलोमीटरच्या टप्प्यात जेटला पूर्ण वेगानं पळायला मोकळं रान मिळतच नाही. वर चढून स्थिरावतंय तोवर उतरायची वेळ होते. त्यात मुंबईत सरपटायलाच पंधरा-वीस मिनिटं, आणि गर्दी असेल तर हवेतच घिरट्या. एवढं करून जेट आणि पंखेवालं यांत दहा-पंधरा मिनिटांचा फरक उरतो. म्हणून छोट्या टप्प्याला पंखेवालं विमान बघून नाक मुरडू नका. ते तेल कमी पितं आणि आखूड धावपट्टीवर उतरतं.

वाऱ्याचं थोडं. हिवाळ्यात आपल्याकडं वरच्या थरात वारे पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहतात. त्यामुळं सोलापूरहून मुंबईला जाताना वारा अंगावर येतो आणि परतताना पाठीशी असतो. जाण्या-येण्याच्या वेळेत पाच-सात मिनिटांचा फरक पडू शकतो. सोलापूर-जळगाव मात्र सरळ उत्तर-दक्षिण, तिथं हा वारा आडवा लागतो, वेळेवर फारसा परिणाम होत नाही.

छोट्या विमानतळाची स्वतःची गणितं

अंतर जमलं, वेळ जमला, तरी विमान उडेलच असं नाही. सोलापूरकरांना हे सांगायला नको. इथं धावपट्टी कित्येक वर्षं होती. २००९-१० च्या सुमारास मुंबईची सेवा थोडे दिवस चालूनही गेली होती. पण विमान उतरण्याच्या वाटेत साखर कारखान्याच्या वीजप्रकल्पाची चिमणी उभी होती. १५ जून २०२३ ला ती पाडली. कारखान्याच्या सभासदांच्या बाजूनं आणि विमानसेवेच्या बाजूनं तेव्हा शहरात काय काय बोललं गेलं ते इथं उगाळत नाही. पुढं २९ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीनं विमानतळाचं उद्घाटन केलं, ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान उडालं आणि १५ ऑक्टोबर २०२५ ला मुंबईचं. म्हणजे चिमणी पडल्यापासून पहिल्या नियमित विमानापर्यंत दोन वर्षं गेली.

प्रवास ठरवताना मी चार गोष्टी बघतो.

पहिली, उजेड. छोट्या विमानतळावर रात्री उतरण्याची सोय चालू आहे का, ते आधी विचारा. नसेल तर सगळं वेळापत्रक सूर्याला बांधलेलं असतं. सोलापुरात डिसेंबरात सहाच्या आत सूर्य मावळतो, जूनच्या शेवटी सातच्या सुमारास. मुंबईतून संध्याकाळचं विमान तासभर उशिरा निघालं तर ते इथं येण्याऐवजी रद्दच होऊ शकतं. दुपारचं विमान असेल तर हा धोका कमी.

दुसरी, दृश्यता. जिथं वैमानिकाला डोळ्यांनी बघून उतरावं लागतं तिथं साधारण ५ किलोमीटरपर्यंत स्पष्ट दिसायला लागतं. आपल्याकडं दाट धुकं दिल्लीसारखं नसतं, पण पावसाळ्यातले खालचे ढग आणि थंडीतल्या सकाळचा धुरकटपणा पुरेसा असतो. मला तर जानेवारीतल्या, गड्डा यात्रेच्या दिवसांतल्या पहाटेच्या विमानापेक्षा दहानंतरचं बरं वाटतं.

तिसरी, ऊन. हे बाहेरच्या लोकांना पटत नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापूर बेचाळीस अंशांच्या वर जातं. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर कमी पडतो, आणि विमानाला जास्त लांब पळावं लागतं. धावपट्टी तर लांब करता येत नाही, म्हणून वजन कमी करतात. कधी सामान मागं राहतं, कधी काही आसनं रिकामी सोडतात. मागं एकदा भर मे महिन्यात, एका दुसऱ्याच छोट्या विमानतळावर, आमच्या दोन बॅगा दुसऱ्या दिवशी आल्या होत्या. तिथल्या माणसावर मी बराच आवाज चढवला. कारण कळल्यावर माझीच मला लाज वाटली. उन्हाळ्यात औषधं आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवायचे, हे तेव्हापासून.

चौथी, वार. छोट्या मार्गांवर विमान रोज असेलच असं नाही. वेळापत्रकही वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. लग्नाची तारीख बघून दोन महिने आधी तिकीट काढत असाल आणि मध्ये हा रविवार येत असेल, तर नवं वेळापत्रक लागल्यावर पुन्हा एकदा बघा.

खरी वेळ जाणून घ्यायची तर विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर त्या उड्डाणाचे मागचे आठ-दहा दिवस चाळा. कितीला निघालं, कितीला टेकलं, किती वेळा रद्द झालं, सगळं दिसतं. काही ठिकाणी वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे.

दारापासून दारापर्यंत

आता खरा हिशोब. मुंबईमार्गे जळगाव. सोलापुरात घरून विमानतळ वीस मिनिटं, हे आपलं सुख. दीड तास आधी पोचायचं. उड्डाण सव्वा तास. मुंबईत उतरल्यावर दुसऱ्या कंपनीचं विमान असेल आणि तिकीट वेगळं असेल, तर सामान घेऊन बाहेर यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. त्यात टर्मिनल १ आणि टर्मिनल २ यांच्यामध्ये शहरातून जावं लागतं. मध्ये तीन तासांपेक्षा कमी ठेवू नका. पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरं चुकलं, तर वेगळ्या तिकिटाला दुसरी कंपनी ओळख देत नाही. मग जळगावचं उड्डाण सव्वा तास, बाहेर पडून घर अर्धा तास. बेरीज पावणेआठ तासांच्या जरा वर, आणि तीही दोन्ही विमानं एकमेकांना जुळणाऱ्या वेळेला असली तर.

रेल्वे दौंड, अहिल्यानगर, मनमाड असा मोठा वळसा घेते. पावणेसहाशे किलोमीटरच्या पुढं जातं, वेळ दहा-अकरा तास. पण त्यातले सात-आठ तास झोपेचे असू शकतात. रस्त्यानं तुळजापूर, बीड, छत्रपती संभाजीनगर, सिल्लोड, अजिंठा असं साडेचारशेच्या वर, नऊ-दहा तास, आणि दुसऱ्या दिवशी कंबर.

म्हणजे विमानानं दोन-तीन तास वाचतात, पैसे कितीतरी पट जातात आणि जोखीम दोन विमानांची. मुंबईत काही काम असेल, मुक्काम असेल, तर हा मार्ग जरूर घ्या. नुसतं जळगाव गाठायचं असेल तर माझं मत रात्रीच्या गाडीलाच. उलट सोलापूर-मोपा विमान मला सोन्यासारखं वाटतं, कारण तिथं थेट तासाभराचं उड्डाण आहे आणि रस्त्यानं घाट उतरत जाणं म्हणजे पूर्ण दिवस.

कोल्हापूरचंही कुणी विचारतं. सरळ अंतर २०५ किलोमीटर. हिशोबानं उड्डाण पंचेचाळीस-पन्नास मिनिटांचं बसेल. पण विमानतळावर आधी पोचणं, सामान, बाहेर येणं हे धरलं की तीन तास सहज. मोटारीनं चार-साडेचार तासांत माणूस रंकाळ्यावर पोचतो. अडीचशे किलोमीटरच्या आतल्या टप्प्याला, मध्ये डोंगर किंवा पाणी आडवं नसेल तर, विमानाचा विचार मी करत नाही.

सामानाबद्दल एक. या छोट्या विमानांत साधारण १५ किलो खाली आणि ७ किलो हातात अशी मर्यादा असते, तिकिटावर बघून घ्या. दोन सोलापुरी चादरी आणि कडक भाकरीचा डबा भरला की पंधरा किलो कधी भरतात कळत नाही.

हा सगळा त्रिकोण वहीच्या पानावर काढून, तिन्ही बाजूंवर आकडे लिहून, मागच्या रविवारी बहिणीला फोटो पाठवला. बराच वेळ उत्तर नाही. मग संध्याकाळी आलं, "बरं, रात्रीच्या गाडीनं ये. भुसावळला उतर, हे न्यायला येतील. आणि शेंगाचटणी दोन किलो आण, गाडीत काही वजन करत नाहीत."